दोन बोटांचं काम

१

मेलेल्या माणसाचे डोळे उघडायला सीमाला साधारण चाळीस मिनिटं लागत. असं एकदम सांगितलं की लोक दचकतात. पण धंदा म्हणजे धंदा, त्यात दचकायचं काय? जन्मात एक धड फोटो काढलेला नाही, अशी माणसं या मुंबईत अजून कितीतरी आहेत. ती गेली की घरच्यांना फोटोची आठवण होते. मग शोधाशोध होते आणि कुणाच्या तरी मोबाईलमध्ये शेवटच्या दिवशी काढलेला एकच फोटो सापडतो. डोळे मिटलेला, नाकात कापूस घातलेला. तसला फोटो भिंतीला कसा लावणार आणि त्याला हार तरी कुठल्या तोंडानं घालणार?

लालबागचे दोन फ्रेमवाले असे फोटो सीमाकडे पाठवायचे. डिलाईल रोडच्या चाळीत दुसऱ्या माळ्यावर तिची खोली, आणि खोलीत खिडकीखाली कॉम्प्युटर. तिथं बसून ती कापूस पुसायची, चेहऱ्यावर थोडा रंग आणायची, उशीच्या जागी निळा पडदा टाकायची आणि सगळ्यात शेवटी डोळे बसवायची. डोळे आणायचे कुठून? तर तिच्याकडे जुन्या फोटोंचा एक संग्रह होता. गिरगावात बुधाजी मास्तरांचा स्टुडिओ होता, तिथं ती हे काम शिकली. मास्तरांनी चाळीस वर्षं जमवलेली ती फोटोंची पेटी, स्टुडिओ बंद होताना, सीमानं सगळी कॉम्प्युटरवर उतरवून घेतली होती. त्यातलं एकही माणूस आता हयात नव्हतं. मास्तरांचा दंडकच होता तसा. "जित्या माणसाचे डोळे घ्यायचे नाहीत, सीमा. कुणीतरी ओळखतं आणि मग दारात भांडायला येतं," असं म्हणायचे. कारण साधं, व्यवहाराचं. सीमानंही तो दंडक पाळला होता, चौदा वर्षं.

या चौदा वर्षांत माऊसनं मात्र तिच्या मनगटाची वाट लावली. नस दबली, अंगठा बधिर व्हायला लागला. डॉक्टर म्हणाले, माऊस सोडा. तेव्हा तिच्या नवऱ्यानं, अजितनं, तिला ट्रॅकपॅड आणून दिला. तो एका ऑफिसात कॉम्प्युटरचंच बघायचा, त्यामुळे त्याला असली खबर असायची. पॅड म्हणजे काय, पंजाएवढी पांढरी चौकोनी काच. तिला वायर नाही, बटण नाही, नुसती बाजूला एक चिमुकली कळ चालू-बंद करायला आणि तिच्याशेजारी हिरवा दिवा.

"ह्या काय हाडलंस रे, पाटी?" अजितची आई, शांताबाई, चष्मा वर करून म्हणाल्या. "आणि पेन्सील खंय?"

"आई, बोटानं चालतं ते."

"बोटानं? मगे बायकोक पोळपाट दी, ता पण बोटांनीच चलता."

सीमा हसून हसून बेजार झाली. सासू-सुनेचं हे असंच चालायचं. शांताबाई देवगडकडच्या, पन्नास वर्षं मुंबईत काढली तरी जिभेवरचं मालवणी उतरलं नव्हतं. सीमाला आई लहानपणीच गेलेली. लग्न होऊन या खोलीत आली तेव्हा पहिल्या तापात रात्रभर उशाशी बसलेलं माणूस म्हणजे ही म्हातारी. तेव्हापासून सीमाचा जीव तिच्यात अडकला तो अडकलाच.

पॅडची सवय आठवड्याभरात झाली. एक बोट फिरवलं की बाण फिरतो, दोन सरकवली की पान सरकतं, दोन बोटं किल्लीसारखी वळवली की चित्र वळतं. आणि डोळ्याभोवती चौकट आखून दोन बोटं उभी फाकवली की डोळा उघडतो, जवळ आणली की मिटतो. माऊसवर जे काम चाळीस मिनिटं खायचं, ते दहा मिनिटांत व्हायला लागलं. हातही दुखेना. सीमा खूश होती.

२

मालन आली ती मंगळवारी दुपारी, हातात मोबाईल घेऊनच. काळाचौकीची बाई, पूर्वी सीमाच्या माहेरच्या चाळीत राहायची, तेवढी ओळख. तिच्या शेजारच्या खोलीतली कमळाबाई गेली होती. कमळाबाईला पुढं-मागं कुणी नव्हतं, म्हणून सगळं मालननंच केलं.

"उद्या बारावा आहे ग. जेवायला पंचवीस पानं आहेत आणि भिंतीवर लावायला बाईचा फोटो नाही. आधारकार्डावरचा बघितला, तर तो कोणाचाही असू शकतो. माझासुद्धा!"

"हा कधीचा?" सीमानं मोबाईल हातात घेतला.

"गेली त्याच दिवशीचा. डोळे मीच मिटले. काय हट्टी डोळे, बोट काढलं की उघडायचे. धरून बसले तेव्हा कुठे राहिले."

सीमानं फोटो कॉम्प्युटरवर घेतला. मालन चहा घेऊन गेली, सहाच्या आत लालबागला फ्रेमवाल्याकडे फोटो पोचायला हवा असं चार वेळा बजावून गेली. सीमा कामाला लागली. कापूस गेला, रंग आला, पडदा आला. डोळ्यांपाशी मात्र घोडं अडलं. कमळाबाईची मान उशीवर डावीकडे कललेली, आणि उजेड एका बाजूनं. पेटीतले सगळे डोळे समोर बघणारे. एक बसवून बघितला तर बाई चकणी दिसायला लागली, दुसरा बसवला तर रागावलेली. सव्वाचार झाले, साडेचार झाले.

शांताबाई उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होत्या. गॅलरीतला उजेड त्यांच्या एका गालावर पडला होता. सीमाचं सहज तिकडं लक्ष गेलं आणि तिला आठवलं, गेल्या महिन्यात ज्येष्ठ नागरिकांच्या कार्डासाठी तिनं याच जागी आईंचे आठ-दहा फोटो काढले होते. त्यातल्या एकात त्या डावीकडे बघत होत्या, शेजाऱ्यांच्या मांजराकडे.

तिनं तो उघडला. कोन तोच, उजेड तोच, वयही तेच.

आता मास्तर असते तर नको म्हणाले असते. पण मास्तर नव्हते आणि ओळखणार कोण? शांताबाई काळाचौकीत कधी पाऊल टाकत नव्हत्या. एकदाच तर घ्यायचे. सीमानं डोळे उचलले, कमळाबाईच्या चेहऱ्यावर नेले, दोन बोटांनी किंचित वळवले. डबीला झाकण बसावं तसे बसले. तिला स्वतःच्याच हुशारीचं कौतुक वाटलं.

फक्त एक झालं. ती डोळ्याची चौकट फाकवायची आणि हात उचलला की डोळा हळूच मिटायचा. फार नाही, सूतभर. तिनं पुन्हा उघडला, तो पुन्हा मिटला. बोटांना घाम आला असेल म्हणून तिनं हात पुसला, पॅड पुसला. तिसऱ्यांदा राहिला.

"कोण गो ही?" शांताबाई सूप घेऊन मागं येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"काळाचौकीच्या कमळाबाई."

शांताबाईंनी बराच वेळ पडद्याकडे बघितलं. "माज्याकडे कशी बगता बग," त्या म्हणाल्या आणि स्वयंपाकाला निघून गेल्या.

३

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास शांताबाई खाटेवर बसून डोळे चोळत होत्या.

"काय झालं, आई?"

"काय नाय गो. डोळ्यार झापड येता. कोणीतरी पापणेर बोट टेकल्यान हा, असां वाटता."

"झोप झाली नसेल. चोळू नका, लाल होतील."

मालनचा मेसेज आला होता. फोटो झकास झाला, सगळ्यांना आवडला, आता एक छोटी कॉपी मोबाईलवर पाठव, गावाला लांबचे कुणी नातेवाईक असतील तर कळवते. सीमानं फाईल उघडली आणि ती पुढं झुकून बघायला लागली.

कमळाबाईचे डोळे अर्धे मिटलेले होते.

असं कसं? तिनं काल उघडे करून, सेव्ह करून, प्रिंटला पाठवले होते. भिंतीवरचा फोटो चांगला आहे असं मालन म्हणत होती. म्हणजे शेवटी आपणच चुकून काहीतरी दाबलं असणार, अर्धवट सेव्ह केलं असणार. तिनं स्वतःला दोन शिव्या घातल्या, चौकट आखली, दोन बोटं फाकवली. डोळे उघडले. तिनं हात उचलून मांडीवर ठेवला.

चौकट आपोआप आक्रसायला लागली. वरची कड खाली आली, खालची वर आली. सावकाश, जपून, सीमा स्वतः करायची तशीच. डोळे मिटत गेले.

"आवशीक!" मागून शांताबाईंचा आवाज आला. "आता मोप जड झाले गो."

सीमानं पॅडकडे बघितलं. पॅडवर काही नव्हतं. माशी नव्हती, पाण्याचा थेंब नव्हता. वरचा पंखा तिनं बंद केला, उगाच. मग अजितला फोन लावला.

"बॅटरी बघितलीस?" अजित म्हणाला. "शेजारी कोणी असलाच पॅड घेतलाय का? वायरलेस आहे, कोणाचा कोणाला जोडला जातो कधीकधी."

"अरे, आपल्या माळ्यावर कॉम्प्युटर कोणाकडे आहे?"

"मग काच खराब असेल. एक काम कर. मी कॉम्प्युटरवर बोटं तपासायचं पान टाकून ठेवलंय. पॅडवर जितकी बोटं टेकशील तितकी टिंबं दिसतात. ते उघड आणि मला सांग. संध्याकाळी आलो की बघतो, घाबरू नको."

"घाबरत्येय कोण!" सीमा म्हणाली आणि फोन ठेवला.

पान उघडलं. पडद्यावर पांढरा चौकोन आला, पॅडच्या आकाराचा. त्यात दोन करडी टिंबं होती.

सीमाचे दोन्ही हात तेव्हा मांडीवर होते. तिनं ते उचलून डोळ्यांसमोर धरून बघितले, वेड्यासारखे. टिंबं एकाखाली एक होती, बोटाच्या टोकाएवढी. बोट कितीही घट्ट टेकलं तरी टिंब जरासं थरथरतं, जिवंत माणसाचं बोट असतंच तसं. आणि ही टिंबं थरथरत होती. काच खराब असती तर ती निपचित पडून राहिली असती, एवढं तिलाही कळत होतं.

तिनं आपलं एक बोट पॅडवर ठेवलं. तिसरं टिंब उमटलं. ते तिनं हळूहळू त्या दोघांच्या दिशेनं नेलं.

दोन्ही टिंबं बाजूला सरकली. तिला वाट दिली.

सीमानं हात असा मागं घेतला की खुर्ची भिंतीवर आपटली. पॅड उचलायची हिंमत होईना. शेवटी कपाटातलं फडकं घेऊन, फडक्यातूनच तिनं बाजूची कळ सरकवली. हिरवा दिवा गेला, पडद्यावरची टिंबं गेली. तिनं मोठा श्वास सोडला. काय ग बाई, एका काचेच्या तुकड्यानं घाम फोडला! संध्याकाळी अजितला म्हणावं, तुझी पाटी तुलाच ठेव.

तेवढ्यात शांताबाई ओरडल्या.

४

त्या खाटेवर ताठ बसल्या होत्या, दोन्ही हात पुढे करून, चाचपडत.

"सीमा, खंय आसंस? माका दिसणा नाय. डोळे उघडणत नाय गो!"

"मी आहे, इथंच आहे." सीमानं त्यांचा हात धरला. दुसऱ्या हातानं कोमट पाण्याचं फडकं डोळ्यांवर ठेवलं. चिपड धरलं असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. डोळे आले असतील, साथ आहे. पण चिपड नव्हतं की सूज नव्हती. पापण्या स्वच्छ, मऊ, नुसत्या मिटलेल्या. तिनं अंगठ्यानं वरची पापणी उचलायला बघितली, ती उचलली गेली नाही. जोर लावला, तरी नाही. कुणीतरी पलीकडून धरून ठेवावी तशी.

"दुकता गो!"

"सॉरी, आई, सॉरी. थांबा, डॉक्टरांना बोलावते. काही होत नाही."

झटका असेल, तिला वाटलं. या वयात होतं. चेहरा वाकडा झालाय का तिनं बघितलं, हात दाबून बघितले, बोलणं नीट आहे का बघितलं. सगळं नीट होतं. डॉक्टरचा नंबर लागत नव्हता. आणि नंबर फिरवता फिरवता तिच्या डोक्यात एक विचार असा आला की तिला स्वतःचीच लाज वाटली. तरी ती कॉम्प्युटरपाशी गेली. जुना माऊस खणातून काढून जोडला आणि कार्डासाठी काढलेला आईंचा तो फोटो उघडला.

उंबरा तोच, उजेड तोच, मान डावीकडे. डोळे मिटलेले.

नाही नाही. तिनं डोळे तिथून कापले नव्हते, त्यांची नक्कल उचलली होती. मूळ फोटोला तिनं हातही लावला नव्हता. तिनं दुसरा फोटो उघडला, तिसरा उघडला. आठ-दहा फोटो, सगळ्यांत शांताबाई मिटल्या डोळ्यांनी बसलेल्या, एकात तर हसत होत्या. तिनं घाईघाईनं कमळाबाईची फाईल उघडली, तिच्यातले डोळे उचलले, आईंच्या फोटोवर आणून ठेवले, चौकट फाकवली, सेव्ह केलं. हे आपण काय करतोय, शहाण्यासारखं बाईला उचलून दवाखान्यात न्यायचं सोडून, असंही तिला वाटत होतं. हात मात्र थांबत नव्हते.

"हां," मागून शांताबाई म्हणाल्या. "आता दिसता गो."

सीमाच्या डोळ्यांत पाणीच आलं. "दिसतंय? देवा रे! खरंच दिसतंय ना?" म्हणत ती वळली.

शांताबाईंचे डोळे मिटलेलेच होते. चेहरा मात्र समोर काहीतरी बघणाऱ्या माणसाचा होता.

"ह्या घर कोणाचा?" त्या म्हणाल्या. "भिंत निळी हा. माणसां बसलीहत मोप. पानां वाढल्यानीहत."

"आई?"

"एक म्हातारो इलो. माज्या पाया पडता. असां कित्याक करता तो? सीमा, माज्या गळ्यात हार कोणी घातल्यान?"

त्या खोकल्या. खोलीत धूर नव्हता, पण मिटल्या पापण्यांखालून पाणी गालांवर यायला लागलं. "ती उदबत्ती जरा लांब करूक सांग गो," त्या म्हणाल्या, "डोळ्यांत जाता."

५

सीमानं मालनला फोन लावला. रिंग वाजत होती तोवर ती शांताबाईंच्या तोंडाकडे बघत होती.

"हिरव्या लुगड्याची बाई उठली," शांताबाई म्हणाल्या. "कपाटावरसून फोन घेतल्यान."

"हॅलो? बोल ग, सीमा," मालन म्हणाली. मागं भांड्यांचा, माणसांचा आवाज येत होता.

"मालनवहिनी, तुम्ही आज हिरवी साडी नेसलायत?"

"हो, का ग? सुतकात नेसू नये का? मी काही सख्खी नाही तिची."

"वहिनी, हात जोडते, तो फोटो आधी भिंतीवरून काढा."

"काय?"

"काढा म्हणते ना! आत्ताच्या आत्ता!"

"अग, तुला कळतंय का काय बोलत्येस? नैवेद्याचं पान ठेवलंय समोर. माणसं जेवतायत. बाराव्याला फोटो उतरवतात होय कुणी?"

"फोन घेऊन माज्या जवळ इली," शांताबाई पुटपुटल्या. "कपाळार आठी घातल्यान."

सीमाला राहवेना. ती मोठ्यानं रडायला लागली. "त्यात माझ्या सासूचे डोळे आहेत, वहिनी. चुकले मी. जिवंत बाईचे डोळे बसवले त्यात. तिला इथं दिसत नाही. काढा तो फोटो, गुंडाळा, काहीही करा!"

जिवंत बाईच्या डोळ्यांना हार घातला, पंचवीस माणसांनी त्यांच्यापुढं हात जोडले, हे मालनच्या हळूहळू ध्यानात आलं असावं. ती बोलली तेव्हा आवाज चिडून कापत होता.

"शरम नाही वाटली, सीमा? तिच्या बाराव्याला हे? काढते. काढून चादरीत बांधते आणि टाकते ट्रंकेत. पुन्हा मला फोन करू नकोस."

फोन बंद झाला.

"माका उचलल्यान," शांताबाई म्हणाल्या आणि मग दोन्ही हातांनी खाटेची कड घट्ट धरली. "काळोख केल्यान! सीमा! सगळो काळोख!"

तेव्हा सीमाला कळलं आपण काय करून बसलो ते. उजेडात होत्या त्या, माणसांत होत्या. तिनंच त्यांना ट्रंकेत कोंडायला लावलं. तिनं पुन्हा फोन लावला. मालननं कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. पाचव्यांदा फोन बंद लागला. टॅक्सी करावी, काळाचौकी म्हणजे पंधरा मिनिटं, जाऊन ट्रंक उघडावी, पाया पडून फोटो मागून घ्यावा. तिनं पर्स उचलली, चपलेत पाय घातला.

"जातंस खंय?" शांताबाई एकदम हळू आवाजात म्हणाल्या. "जाव नको. हय माज्याबरोबर कोणतरी आसा."

"कुठं, आई?"

"काळोखात. ह्या बाजूक. ता पण पडलाहा माज्यासारखाच. हात थंडगार हा गो त्याचो." त्यांनी मान मागं नेली, डास चुकवावा तशी. "बोटां इली. दोन बोटां. एक वरसून, एक खालसून."

सीमानं पडद्याकडे बघितलं. बोटं तपासायचं ते पान तसंच मागं उघडं राहिलं होतं आणि त्या पांढऱ्या चौकोनात दोन टिंबं आली होती. पॅडचा दिवा बंद होता. कळ बंदवर होती, तिनंच केलेली. वरचं टिंब खाली येत होतं, खालचं वर येत होतं. सावकाश, जपून.

"सीमा, ता माजे डोळे मिटता गो! माका सोड म्हणान सांग!"

विचार करायला वेळ नव्हता. सीमा धावली आणि तिनं दोन बोटं पॅडवर टेकवली, त्या दोन टिंबांच्या बरोबर मधे. काच बर्फासारखी गार होती. पॅड बंद होता तरी तिची दोन टिंबं पडद्यावर उमटली. तिनं बोटं फाकवायला सुरुवात केली. पलीकडून दाब आला. काचेत कसला दाब? पण आला, खरा, दुखेल असा, बोटांच्या टोकांवर. तिनं दात खाल्ले आणि जोर लावला. केसभर, मग सूतभर, तिची टिंबं लांब गेली आणि त्यांनी ती दुसरी दोन टिंबं मागं रेटली.

शांताबाईंचा श्वास मोकळा झाला.

"थोडा दिसता," त्या म्हणाल्या. "खंयच्या तरी फटीतसून उजेड येता. बरां वाटला गो. हात काढू नको हां."

"नाही काढत, आई."

"खंयच जाव नको."

"नाही जात. इथंच आहे मी."

भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती. अजित यायला आठ वाजायचे. फोन खाटेवर पडला होता, सहा पावलांवर. सीमानं हाका मारल्या, शेजारच्या प्रीतीला, खालच्या माळ्यावर, कुणालाही. दुपारची चाळ रिकामी होती आणि कुठंतरी टीव्ही मोठ्यानं चालू होता. तिची बोटं थरथरायला लागली, पडद्यावर तिची टिंबंही थरथरायला लागली. समोरची दोन टिंबं आता स्थिर होती. त्यांना घाई दिसत नव्हती.

अजून एक बोट टेकवावं, दुसरा हात लावावा, तेवढाच आधार, म्हणून तिनं डावा हात उचलला. तो अजून पॅडपासून वीतभर लांब होता, तेव्हाच चौकोनाच्या कडेला पाचवं टिंब उमटलं.

मग सहावं.